आत्या वजा करून

जुना जालना,
दि. १७ नोव्हेंबर २००२

ती. आत्यास,
बेबीनंदाचा शि. सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण तुमच्या हसनाबादचा बूथवाला निरोपाच्या आधी स्वतःचं मत सांगतो. मागच्या वेळी मी तुझी तब्येत विचारली, तर तुझे गुडघे दुखून राह्यलेत हे त्यानंच सांगितलं. म्हणून हे पत्र.

मी इथं गोजरमावशीकडं मजेत आहे. खाली धान्याची आडत, वर मावशीच्या दोन खोल्या. दिवसभर पोत्यांची धूळ वर येते आणि मावशी म्हणते की धुळीची सवय असलेली बरी, पुढं कोर्टात कामाला येईल. सकाळी बारावीचं कॉलेज, संध्याकाळी साहेबराव सरांचा क्लास. सर आजवर बँकेच्या परीक्षेची पोरं तयार करायचे. हैदराबादच्या कायद्याच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा देणारी मी त्यांची पहिलीच, त्यामुळं बाजारातून नवीन बैल आणावा तसे ते मला न्याहाळत असतात.

परीक्षेत इंग्रजी आहे, सामान्य ज्ञान आहे, ते जमतंय. घोडं अडलंय ते तर्काच्या भागात. त्याला लॉजिकल रीझनिंग म्हणतात. पहिल्या चाचणीत चाळीसपैकी अकरा आले. आण्णांची अट तर तुला माहीतच आहे. परीक्षा एकदाच द्यायची. यादीत नाव आलं तर हैदराबाद, न्हाई आलं तर उन्हाळ्यात हळद लावून तुझ्या घरी, तुझ्या इंद्रभानची बायको म्हणून. तेव्हा माझ्या अकरा मार्कांचा सगळ्यात जास्त आनंद तुला होणार, म्हणून पहिली बातमी तुलाच कळवून राह्यले.

एक प्रश्न तुझ्यासाठी उतरवते. फोटोकडं बोट दाखवून एक माणूस म्हणतो, ही माझ्या मामाची एकुलती एक मुलगी. तर ती त्याची कोण? मी लिहिलं, बायको. सरांनी ते सगळ्या क्लासला मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरं हसली, पण त्यातल्या तिघांनी तेच लिहिलं होतं. एक परतूरचा, दोघं अंबडचे.

घरात सगळ्यांना नमस्कार. माझ्या मार्कांकडं बघून लोभ कमीजास्त करू नये, ही विनंती.

तुझी,
बेबी

*

हसनाबाद,
दि. २५ नोव्हेंबर २००२

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अकरा वाचून मला आनंद झाला असेल असं तू लिहितेस. बिलकुल झाला. माणसाला काय येत न्हाई हे जितकं जल्दी कळेल तितकं चांगलं, पुढचा खर्चा वाचतो.

तुझ्या सरला मामा न्हाई का? मामाची एकुलती एक पोरगी. फोटो भिंतीवर लावलेला. माणूस पाव्हण्याला बोटानं दाखवून राह्यला. मंग ती बायको न्हाई तर कोण? नुसती मामेबहीण असती तर फोटो मामाच्या घरी राह्यला असता, ह्याच्या घरी कशाला आल्ता? तुझं उत्तर बराबर आहे. हैदराबादवाल्यांचं चुकलं. त्यांना तसं कळव.

इंद्रभानच्या खत-बियाण्याच्या दुकानाला भोकरदनला नवीन पाटी लागली. बियाण्यापेक्षा त्याचं स्वतःचं नाव मोठं रंगवलंय. मी म्हटलं, शेतकरी तुला पेरणारेत का? तर रुसला. तू आलीस की त्याला सरळ करशील अशी आशा आहे. तुझ्या बारशाला तुझ्या कानात नाव मी सांगितलं आणि तेव्हाच दादा चार माणसांत म्हणाला होता की द्वारके, ही तुझीच. माणसं अजून जिवंत आहेत. विचारून घे.

अजून प्रश्न धाड. ज्याच्यापायी माझी सून हातची जाऊ शकते, ते काय चीज आहे ते मला बघू तरी दे. सातवी पास आहे मी, वाचता येतं.

थंडी पडली, छाती झाकून झोप. माया आहे तितकीच आहे, तू अकरा आणलेस म्हणून वाढली न्हाई.

तुझी आत्या,
द्वारका

*

जुना जालना,
दि. ५ जानेवारी २००३

ती. आत्यास सा. न. वि. वि.

फोटोवरचं तुझं म्हणणं मी सरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तुझी आत्या वकील झाली तर न्यायाधीश राजीनामा देईल. पण मार्क काही दिले न्हाईत. त्यांचं म्हणणं असं, की प्रश्नात लिहिलंय तेवढंच जग धरायचं. प्रश्नात भिंत न्हाई, पाव्हणा न्हाई. मामाची मुलगी म्हणजे मामेबहीण, एवढंच. लग्न आम्ही आमच्या घरून आणलं.

डिसेंबरात मी कार्डावर धाडलेल्या प्रश्नांची तुझी उत्तरं पण पोचली. एसटीत पाटी असते की दारात उभे राहू नये, त्यात काय गृहीत धरलंय, असं विचारलं होतं. तू लिहिलंस, पाटी लिहिणारा भोकरदनच्या गाडीत कधी चढलेला न्हाई. खरं उत्तर एवढंच होतं, की लोक दारात उभे राहतात. दुसऱ्यात सगळ्या दुकानदारांकडं तराजू होता. तू लिहिलंस, तराजू असेल, पण माप बराबर असेल हे कशावरून. तिसऱ्यात सासू, सासरा, दोन मुलगे आणि दोन सुना गोल बसून जेवत होते आणि सासऱ्याच्या उजव्या हाताला कोण ते सांगायचं होतं. तू उलट मलाच विचारलंस की सुना जेवायला बसल्या तर वाढतं कोण.

तिन्ही उत्तरं चुकली आत्या. पण मजा अशी, की तिसरं माझंही चुकलं होतं. सुनेला सासऱ्याच्या शेजारी बसवायला माझी पेन्सिलच तयार होईना. मंग माझ्या लक्षात आलं. तू जशी चुकतेस तशीच मी चुकते. जे प्रश्नात न्हाई ते घरून घेऊन येते.

आता मी एक रीत काढलीय. प्रत्येक प्रश्नाला आधी विचार करते की इथं आत्या काय म्हणेल. ते बाजूला लिहिते, त्याच्यावर काट मारते आणि जे उरतं त्यात उत्तर शोधते. परवा सव्वीस आले. सरांनी ही रीत सगळ्या क्लासला शिकवली. कुणी प्रश्नाबाहेरचं बोललं की आता पोरं मागून ओरडतात, आत्या वजा कर. जालन्यात तुझं एवढं नाव होईल असं वाटलं न्हवतं.

रागावू नकोस. आणि रागावलीस तर तेही सविस्तर लिही, मला सरावाला लागतं.

तुझी,
बेबी

*

हसनाबाद,
दि. २० जानेवारी २००३

चि. बेबीस आशीर्वाद.

जालन्याची पोरं रोज संध्याकाळी मला वजा करतात हे वाचून धन्य झाले. माझ्या नणंदा इतकी वर्षं तेच करू बघत होत्या, त्यांना जमलं न्हाई. त्यांना तुझ्या सरचा पत्ता देते.

संक्रांत झाल्यावर दादानं हुरड्याला बोलावलं म्हणून आष्टीला गेल्ते. यंदा हुरडा गोड आहे. वहिनीनं तुझ्या वाटणीची चटणी डब्यात भरून ठेवली आणि दादानं ती पण खाल्ली. खाता खाता त्यानं साखरपुड्याचा दिवस ठरवून टाकला. अक्षय तृतीया. म्हणाला, मुहूर्त बघायचं कामच न्हाई, आणि यादी लागली की लग्न करायचं का हैदराबाद ते बघू, पण साखरपुडा उरकून ठेवू. मी म्हटलं, पोरीला पावती देऊन ठेवतोस का? तो म्हणाला, तसंच समज. मी हो म्हणून आले.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आई गेल्यावर त्या घरातून मला पंचमीला आणायला येणारा एकटा दादा आहे. तो आला की शेजारणींच्या देखत मी पिशवी भरायला मुद्दाम उशीर लावते. उद्या त्याचं वय झालं, तर कोण येईल? भाचीच सून होऊन आली तर माहेर आपल्या चुलीपाशी येतं. हा माझा स्वार्थ आहे आणि तो मी उघड लिहून राह्यले. तुझ्या सरला सांग, ह्यात गृहीत काहीच न्हाई.

सव्वीस आले म्हणतेस. चांगलं आहे. जास्त चांगलं नको करूस, माझी तयारी चालू आहे.

आहे तो लोभ जपून ठेव, पुढं एका घरात काढायचाय.

तुझी आत्या,
द्वारका

*

जुना जालना,
दि. ९ मार्च २००३

ती. आत्यास सा. न. वि. वि.

परीक्षेची तारीख आली. अक्षय तृतीयेलाच आहे. हैदराबादवाल्यांनी बहुतेक आण्णांचंच पंचांग बघितलं असेल.

शिवरात्रीला आष्टीला गेले तेव्हा आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, परीक्षा काय, पुढल्या वर्षी पण येते. मी म्हटलं, अक्षय तृतीया पण येते. मंग आईनं मला दंड धरून आत नेलं. एकदाच परीक्षा द्यायची अशी त्यांची अट, आणि ते एकदासुद्धा साखरपुड्याच्या साडीत बसून घालवायचं. शब्दाचे पक्के म्हणून आण्णांचा पंचक्रोशीत लौकिक आहे. कोणता शब्द पक्का ठेवायचा ते मात्र ते स्वतः निवडतात.

आत्या, परवा तेहतीस आले. सर म्हणाले की एवढ्यावर नाव येऊ शकतं. बारावीचे पेपर झाले की दिवसभर हेच करणार आहे. बारावीचं राहू दे, रात्री झोपेत पण मी माणसांना गोल बसवून राह्यले, आणि आता सुना कुठंही बसतात.

मुलाकडची म्हणून तारखेचा मान तुझा. तू नुसतं म्हटलंस की अडचण आहे, आठ दिवस पुढं ढकला, तर आण्णांना ऐकावं लागेल. बाकी काही मागत न्हाई. तेवढी तारीख बदल. पुढचं मी आणि माझी यादी बघून घेऊ.

उत्तर जल्दी धाड. तू चिडली असलीस तरी धाड.

तुझी,
बेबी

*

हसनाबाद,
दि. १६ मार्च २००३

चि. बेबीस आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आधीची पण सगळी काढली आणि पुन्हा वाचली. तुझ्या सरच्या रीतीनं वाचली. जेवढं लिहिलंय तेवढंच.

तर तू लिहिलंस की तारीख बदल. तू लिहिलंस की मार्क वाढले. दादाला नावं ठेवलीस, ती बराबर ठेवलीस. पण इंद्रभानशी लग्न करायचं न्हाई, असं एकाही पत्रात लिहिलेलं न्हाई. मी माझ्या मनानं ते घालू शकते. पण मी घरून आणलेलं सगळं चुकतं असं तूच मला शिकवलंस. मंग कसं घालू?

ताकाला जाऊन भांडं लपवू नये. आठ दिवसांनी साखरपुडा झाला तर तुला चालणार आहे का? नसंल चालणार तर आठ दिवस कशाला मागतेस?

आणि आता दुसरं. यादीत नाव आलं तर हैदराबाद, न्हाई आलं तर आत्याचं घर. दादा असं बोलला, तू पण असंच लिहिलंस आणि इतके महिने मी पण हसून वाचलं. परवा चुलीपुढं बसल्यावर माझ्या ध्यानात आलं. जी पोरगी पास होईल ती जाईल, जी नापास होईल ती माझ्याकडं येईल. म्हणजे माझं घर ही नापासाची शिक्षा आहे. बेबे, तुला मी अंगाखांद्यावर खेळवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू माझ्या कुशीत झोपायचीस आणि जायच्या दिवशी रडायचीस. त्या घराची तू अशी किंमत केलीस याचं मला फार वाईट वाटलं. इंद्रभान बिचारा अडाणी असेल, पण तो कुणाच्या नापासाचं बक्षीस न्हाई.

तारखेचं मी काही करणार न्हाई. जे मागायचं ते सरळ माग. मंग बघू.

ह्या वेळी खाली लोभाचं काही लिहीत न्हाई.

द्वारका

*

जुना जालना,
दि. २१ मार्च २००३

ती. आत्यास सा. न.

मला इंद्रभानशी लग्न करायचं न्हाई. पास झाले तरी न्हाई आणि नापास झाले तरी न्हाई.

तो वाईट न्हाई. लहानपणापासून भाऊ म्हणून बघितला, आता दुसरं काही बघता येत न्हाई. हे मी आधी लिहिलं न्हाई कारण मला भीती वाटत होती. आण्णांची न्हाई, तुझी. तू पत्रं लिहायची बंद करशील असं वाटलं. मार्क चांगले पडले तर न बोलता सुटका होईल असा मी हिशोब केला. त्या हिशोबात तुझ्या घराचं काय होतं ते मी बघितलंच न्हाई.

तुझं घर शिक्षा न्हाई. तुझ्या घरी मी उन्हाळाभर येईन, भाची म्हणून, तू ये म्हणशील तेव्हा.

यापुढं तू जे ठरवशील ते. चिडलीस तरी पत्र लिही.

बेबी

*

हसनाबाद,
दि. २ एप्रिल २००३

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

आष्टीला जाऊन आले. दादाला सांगितलं की आम्हाला ही सोयरीक करायची न्हाई. त्यानं विचारलं, का? मी म्हटलं, पोरगी लय शिकून राह्यली, आम्हाला घरात सून पाहिजे, वकील नको. दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाला, अठरा वर्षांचा शब्द मोडणारी तू कोण आणि माझ्या पोरीला नको म्हणणारी तू कोण? मी गप्प बसले. तुला माहीत आहे मला गप्प बसायला किती त्रास होतो. वहिनीनं चहा आणला, तो कुणी घेतला न्हाई. शेवटी म्हणाला, आजपासून ह्या घराची पायरी चढायची न्हाई. मी उठले. फाट्यापर्यंत सोडायला कुणी आलं न्हाई, चालतच आले. गुडघ्यांनी रस्ताभर दादाची बाजू घेतली.

इंद्रभानला सांगितलं. तो दोन दिवस दुकानातच जेवला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, बरं झालं, बेबीशी बोलताना मला नेहमी तोंडी परीक्षा असल्यासारखं वाटायचं. मला वाटतं त्याला लागलंय, पण मोडून पडला न्हाई. त्याला दुसरी बघू.

गंमत आता ऐक. वहिनीचा निरोप आलाय की दादा स्वतः तुला हैदराबादला घेऊन जाणार आहे. म्हणतो, द्वारकेला दाखवतोच कुणाला नको म्हणाली ते. तू महिनोन्महिने विनवून जे झालं न्हाई ते माझ्या एका नकारानं झालं. भावाला सरळ चालवायचं तर उलट हाकावं लागतं, हे मला आधी सुचायला पाहिजे होतं.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. नकार माझा आहे. दादाला खरं सांगायचं न्हाई. बहिणीनं नाकारलं हे तो पचवेल, मला शिव्या देईल आणि मोकळा होईल. पोरीनंच नको म्हटलं हे कळलं तर तुझी गाडी जालन्याच्या पुढं जाणार न्हाई. माझी काळजी करू नको. माहेर काय, म्हातारपणी सगळ्याच बायकांचं सुटतं.

पेपर नीट लिही. मला वजा करायला विसरू नको.

गेल्या पत्रात लोभाचं लिहिलं न्हवतं, ते ह्यात दुप्पट धर.

तुझी आत्या,
द्वारका

*

मुलींचे वसतिगृह, हैदराबाद,
दि. ४ ऑगस्ट २००३

ती. आण्णांच्या चरणी बेबीनंदाचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. जेवण तिखट आहे पण आपल्यासारखं न्हाई. वर्गातल्या पोरी फाडफाड इंग्रजी बोलतात, मी निम्मं ऐकते आणि निम्मं तर्कानं भरते. कॉलेज सुरू होऊन महिना झाला.

काल आईचा फोन आला. यादी लागली तेव्हा तुम्ही सगळ्या आष्टीत पेढे वाटले, हसनाबादला एक धाडला न्हाई. परवा पंचमीला सकाळी तुम्ही गाडी काढली, फाट्यापर्यंत गेलात आणि तिथून परत आलात. हे ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर न्हाई.

इथं पहिल्याच आठवड्यात शिकवलं की ज्याच्यावर आरोप आहे त्याचं ऐकून घेतल्याशिवाय निकाल देऊ नये. आपल्या घरात ही पद्धत न्हाई, हे मी इथल्या सरांना सांगितलं न्हाई. पण तुम्ही आत्याला शिक्षा दिली आणि गुन्हा तिचा न्हवताच.

लग्नाला नको मी म्हटलं. मार्चमध्ये मी तिला तसं पत्रानं कळवलं. तिनं ते स्वतःवर घेतलं, कारण तिला माहीत होतं की माझा नकार ऐकून तुम्ही मला घरी बसवाल आणि तिचा ऐकून हैदराबादला न्याल. तसंच झालं. खरं सांगू नको असं तिनं मला बजावलं होतं. मी आजवर ऐकलं, आता ऐकत न्हाई.

तिला सून पाहिजे होती, आण्णा. माहेर जवळ राहील म्हणून पाहिजे होती. मला इथं धाडण्यासाठी तिनं सून पण सोडली आणि माहेर पण सोडलं. एवढं माझ्यासाठी कुणी केलेलं न्हाई, तुम्ही सुद्धा न्हाई, हे लिहिताना मला भीती वाटून राह्यलीय, तरी लिहिते.

वाचून तुम्ही मला परत बोलावलंत तर मी येईन. सामान थोडंच आहे. तुमचा शब्द मोडल्याबद्दल मला काय बोलायचं ते बोला. पण आत्याला घरी आणा. राखी जवळ आली.

आईला नमस्कार. तुमचा राग धरूनसुद्धा माया ठेवावी, एवढंच मागते.

तुमची,
बेबीनंदा

*

आष्टी, ता. परतूर,
दि. ९ ऑगस्ट २००३

चि. बेबीनंदास आशीर्वाद.

पत्र मिळालं. काल जेवलो न्हाई. तुझी आई म्हणते, तिला हे आधीच समजलं होतं. ह्या घरात मला सोडून सगळ्यांना सगळं समजतं.

तुला परत बोलावणार न्हाई. पेढे वाटून झालेत, ते गावाकडून माघारी कसे मागू? पण माझा शब्द पोरीनं मोडला याचा राग मला आहे आणि तो जल्दी जाणार न्हाई, हे समजून अस.

आत्ता हसनाबादला निघून राह्यलो. द्वारका यायला तयार झाली, तर राखीपर्यंत दोघं मिळून तुझ्यावर रागावू.

अभ्यास कर.

बद्रीनाथ